न कापलेली जोडी

नोट मधोमध चिमटीत धरणाऱ्या माणसाला खजिनदार दुसऱ्यांदा घरात घेत नसत. खजिनदार हे त्यांना मित्रांनी टिंगलीनं ठेवलेलं नाव, पण त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं होतं. आयुष्यभर विमा कंपनीत बसून लोकांचे दावे फेटाळले आणि निवृत्त झाल्यावर माणसंच फेटाळायला घेतली. जुन्या संस्थानांच्या नोटा जमवणारे त्यांच्या ओळखीत आणखी दोघं होते. एक नोटांना इस्त्री फिरवून कडक करायचा, त्याला ते ‘लाँड्री’ म्हणत. दुसरा फाटक्या नोटेला चिकटपट्टी लावायचा, तो ‘कंपाउंडर’. दोघांच्या अकलेचं दिवाळं किती मोठं, यावर खजिनदार तासभर बोलू शकत.

पण खरी तुच्छता त्यांनी पोटच्या पोरांसाठी राखून ठेवली होती. थोरला घरांची दलाली करायचा, धाकटा दातांचा डॉक्टर. “एक दुसऱ्याच्या भिंती विकतो, दुसरा दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालतो. नोटेतलं जलचिन्ह दोघांनाही दिसत नाही,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून दोघा भावांचं बिनसलं, ते आई गेली तरी बोलत नव्हते. तेही खजिनदार चवीनं सांगत. “कुत्र्यामांजरांत सुद्धा इतका वेळ राग टिकत नाही.”

छातीत दुखू लागलं तेव्हा त्यांनी सगळा संग्रह एका संग्रहालयाला देऊन टाकला. मागे ठेवली ती फक्त जोडी. नकाशावर नखाखाली झाकलं जाईल एवढ्याशा संस्थानाच्या, एक रुपयाच्या दोन नोटा, छापखान्यातून निघाल्या तशा एकमेकींना लागून. मधून पातं फिरायचं राहिलं आणि पुढे ते संस्थानच उरलं नाही. त्या संस्थानाची सुटी नोट कुठल्याही व्यापाऱ्याकडे मागाल तेव्हा मिळे. न कापलेली जोडी मात्र खजिनदारांच्या माहितीत ही एकच होती.

ती संग्रहालयाच्या कपाटात कोंडायला द्यावी असं त्यांना वाटेना. एका पोरानं ती घ्यावी आणि दुसऱ्यानं आपणहून “तुझ्याकडे राहू दे” म्हणावं, एवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. हे तोंडानं मात्र ते मेले तरी म्हणाले नसते.

एका दुपारी त्यांनी बोलावलं म्हणून दोघं आले आणि सोफ्याच्या दोन टोकांना बसले. खजिनदारांनी जोडी टेबलावर ठेवली. ती काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. माझी मुलं असतील तर कळेल, नसतील तर सांगून उपयोग नाही, असा त्यांचा हिशेब.

“ही तुम्हा दोघांची. कशी ठेवायची ते तुमचं तुम्ही ठरवा. मी आत पडतो.”

दार लोटलं, पण कान बाहेरच ठेवले. मग थोरल्याचा आवाज चढला. “तू त्या रात्री फोन तरी उचलायचास!” धाकटाही ओरडला. ‘झालं सुरू,’ खजिनदार पुटपुटले, आणि त्यांना थोडं समाधानही वाटलं. मग आवाज खाली आले. कुणीतरी नाक शिंकरलं. आणि बऱ्याच वेळानं बाहेर चक्क हसू फुटलं, दोघांचं एकदम.

खजिनदार उठून बसले. सोडली! कुणीतरी सोडली शेवटी! त्यांचा ऊर भरून आला, आणि तसा तो आल्याची त्यांना लाजही वाटली.

“बाबा, या बाहेर,” धाकट्यानं हाक मारली.

दोघं सोफ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. हातांत खजिनदारांचेच, नोटा हाताळायचे पांढरे हातमोजे. समोर स्टीलची पट्टी, धाकट्याच्या बॅगेतलं ब्लेड, आणि दोन स्वच्छ पाकिटांत दोन सुट्या नोटा.

“दादानं पट्टी धरली, मी कापलं,” धाकटा म्हणाला. “केसाचा फरक नाही. बोटसुद्धा लागू दिलं नाही.”

“आता म्हणू नका, यांना एक कागद वाटून घेता येत नाही,” थोरला म्हणाला.

खजिनदार ओरडले, “गाढवांनो! जोडी होती ती! सुटी नोट कुणी फुकटसुद्धा घेत नाही!”

दोघं एकमेकांकडे बघू लागले. मग थोरला हळूच म्हणाला, “नाही घेतली तर नाही घेतली. आम्हाला कुठे विकायच्यात? एक याच्याकडे राहील, एक माझ्याकडे. आईचं बोललो आम्ही, बाबा. मिटवलं सगळं.”

इतकी वर्षं ज्याचा बभ्रा केला, ते भांडण समोर मिटलं होतं. खजिनदारांना हे स्वच्छ कळत होतं. आणि तरी त्यांची नजर पोरांच्या चेहऱ्यावर ठरेना, ती पुन्हा पुन्हा त्या कापलेल्या कडेवर जात होती. लाँड्री आणि कंपाउंडरपेक्षाही हलका माणूस आज या घरात कोण आहे, हेही त्यांना कळत होतं.

“चला ना, तिघं बाहेर जेवू,” धाकटा म्हणाला.

“तुम्ही जा. मला भूक नाही.”

दोघं आपापली नोट खिशात घालून जिना उतरले. खालून त्यांनी दोनदा हाक मारली. खजिनदारांना ती ऐकू आली. ते पट्टीच्या धारेला लागलेला कागदाचा कीस भिंगाखाली बघत होते, आणि उठले नाहीत.