वच्छलाच्या नावाचा चेक

चेक हरवल्याचं मला दिवाळीच्या तोंडावर कळलं. पोळा झाल्यावर मी तो बँकेच्या दारातल्या पेटीत टाकला होता, आणि मग त्याचा विचारही केला नव्हता. एकदा बँकेत गेलेला पैसा बँकेतच असणार, असं आमच्या पिढीला वाटतं. दिवाळीआधी नोंदी करून आणाव्या म्हणून गेले, तर पासबुकात पेन्शन होती, गॅसचे परत आलेले थोडे पैसे होते. दादाचा चेक नव्हता.

दादा म्हणजे भिवाजी, माझा मोठा भाऊ. तो सौंसरला असतो, आमच्या वडिलांच्या घरात, संत्र्याच्या मळ्याला लागून. मी लग्न होऊन पांढुर्ण्याला आले ती इथलीच झाले. काही वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा मळ्याची एक पट्टी त्यात गेली, सरकारने तिचे पैसे दिले, आणि जमिनीच्या कागदांवर माझंही नाव असल्यामुळे माझी सही लागली. माझा मुलगा राजू पुण्याहून म्हणाला, "आई, सही दे, पण हिस्सा घे." मी तसं दादाला सांगितलं. त्यानंतर दादा माझ्याशी बोलेनासा झाला. राखी मी पोस्टाने पाठवायची, उत्तर यायचं नाही. आमच्याकडे हिस्सा मागणाऱ्या बहिणीला कोणी वाईट बोलत नाही. तिला फक्त जेवायला बोलवत नाहीत.

यंदा पोळ्याच्या दिवशी तो अचानक दारात उभा राहिला. हातात लिफाफा. आत ये म्हटलं तर आला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. "घे तुह्या बापाचे," एवढं बोलून गेला.

मला ते पैसे हवे होते, हे आधीच सांगते. मास्तर, म्हणजे माझे यजमान यशवंतराव, गेल्यापासून पेन्शन अर्धी झाली आहे. स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. राजूचं म्हणणं, घर विकून टाक आणि पुण्याला ये. त्याचं घर नवव्या मजल्यावर आहे. चांगलं आहे. तिथे मी महिनाभर राहून आले आहे, दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत. छप्पर झालं तर माझं घर राहील आणि मी घरात राहीन, असा साधा हिशेब होता.

काउंटरवर तृप्ती नावाची मुलगी होती. तिने संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"आजी, तुमच्या खात्यात असा काही चेक आलाच नाही."

"मी स्वतः टाकला ना, त्या पेटीत. हा चिठ्ठीचा अर्धा कागद पाहा."

"यावर शिक्का कुठे आहे? पेटीत टाकलं की शिक्का नसतो. काउंटरवर द्यायला पाहिजे होता."

"मग पेटी कशाला ठेवली? शोभेला?"

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. तृप्ती नाही हसली. तिने मला मॅनेजरकडे पाठवलं. मॅनेजर भोपाळकडचे, बोलायला गोड. "माताजी, एक आवेदन लिखकर दे दीजिए, हम दिखवाते हैं." मी तिथल्याच बाकावर बसून अर्ज लिहिला. मास्तर असते तर त्यांनी लिहिला असता, आणि दोन ठिकाणी माझी चूक काढली असती.

त्याच आठवड्यात फोन आला.

"वच्छे, येऊन राहिली ना भाऊबीजेले?"

दादाचाच आवाज. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अवं, आयकू येते का नाही?" तो ओरडला. मी येते म्हणाले.

भाऊबीजेला सौंसरच्या घरात पाऊल ठेवलं तर दादाच्या सुनेने, श्रुतीने, पायावर पाणी घातलं. पाटवडी केली होती, माझ्या आईच्या हातची असायची तशी तिखट. शेजारचे भैय्याजी पंगतीला होते. मी दादाला ओवाळलं आणि जेवायला बसले, तेव्हा दादा त्यांना म्हणाला, "पाहा भैय्याजी. लोकाइच्या बहिणी कोर्टात जाऊन राहिल्या. म्या हिले चेक देल्ला, हिनं वटवला नाही. दर महिन्याले बँकेत पाहून राहिलो, पैसा हाय तिथंच हाय. घरात ठेवून देल्ला हिनं कागद. ह्याले म्हंतेत बहीण." आणि त्याने डोळे पुसले. शहाऐंशी वर्षांचा माणूस असल्यासारखा तो दिसला. आहे माझ्याहून जेमतेम सहा वर्षांनी मोठा.

घास माझ्या तोंडात होता. तो गिळायला मी बराच वेळ घेतला. गिळून झाल्यावर मी आणखी एक पाटवडी मागून घेतली.

निघताना त्याने स्वतः संत्र्यांची पिशवी भरली आणि बसमध्ये माझ्या पायाशी ठेवली. "संक्रांतीले ये, चार दिवस राहाले," म्हणाला. पांढुर्ण्यापर्यंत मी त्या पिशवीवर हात ठेवून बसले होते.

मग मी बँकेत जायचं सोडलं. हरवलाय तर हरवू दे. छपराखाली तीन भांडी ठेवून आजवर भागलंच होतं. पुढच्या खोलीत चंचल नावाची शाळेतली बाई भाड्याने राहते, ती शनिवारी बैतूलला आईकडे जाते. त्या शनिवारी मी तिला म्हटलं, "मीही जाणार आहे संक्रांतीला. माहेरी." सत्तरीच्या बाईने हे ज्या थाटात सांगितलं, त्याचं तिला हसू आलं.

थंडी पडली तेव्हा एक माणूस दारात आला. राजूने पाठवलेला. त्याने चपला न काढता माझं स्वयंपाकघर टेपने मोजलं, भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, "ये तो गिराना ही पड़ेगा." गॅसवर माझं वरण शिजत होतं. तो गेल्यावर मी राजूला फोन केला.

"अगं आई, फक्त अंदाज घेतोय. छप्पर करणार होतीस ना तू? झालं का?"

"होईल."

"कशातून?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बँकेत गेले. तृप्तीला माझी दया आली असावी, किंवा त्या दिवशी गर्दी नव्हती. तिने मला खुर्ची दिली. "आजी, आता नीट सांगा. चेक कोणाचा?"

"भावाचा. भिवाजी, सौंसर."

"आणि नाव कोणाचं होतं त्यावर? तुमचंच ना, शोभा यशवंतराव?"

"नाही, वच्छला."

"वच्छला कोण?"

"मीच की."

तिने कपाळाला हात लावला. "अहो आजी! मग आधी का नाही सांगितलं?"

"तू कुठे विचारलंस?"

पण खरं म्हणजे मला ते सुचलंच नव्हतं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यात मास्तरांनी अंगठीने 'शोभा' लिहिलं, आणि त्या दिवसापासून मी पांढुर्ण्यात शोभा झाले. शाळेच्या कागदांत, रेशनवर, बँकेत, सगळीकडे. पण सौंसरमध्ये हे नाव कधी पोचलंच नाही. दादाने चेकवर लिहिलं ते त्याला ठाऊक होतं तेच. आणि मी ते वाचलं तेव्हा पासबुक आठवलं नाही. त्याने रागारागाने दिलेल्या कागदावरही वच्छला लिहिलंय, एवढंच पाहत बसले होते.

तृप्तीने आतल्या कपाटातून एक फाईल आणली. नाव न जुळलेले चेक त्यात टाचणीने लावून ठेवले होते. माझा मधेच होता. त्यांनी फोन करून पाहिला होता म्हणे. मी चिठ्ठीवर मास्तरांचा नंबर लिहिला होता, सवयीने. तो बंद आहे.

मॅनेजर उठून बाहेर आले. "गलती हमारी भी है, माताजी. खाते पर पता तो था, घर पर चिट्ठी भेजनी चाहिए थी." त्यांनी तसं पत्रही लिहून दिलं, सही-शिक्क्यासह. पण चेकला तीन महिने उलटून गेले होते, आता तो चालत नव्हता. "जिन्होंने दिया है, उनसे नया बनवा लीजिए. पासबुक वाले नाम से. बस, काम खतम."

त्यांचं काम तेवढंच होतं. तृप्तीने चहा मागवला. भांडण मी जिंकले होते, आणि तो चहा मला कडू लागला.

दोन रात्री मी विचार केला. दादाला सांगितलं नाही तर चेकचं त्याला कधीच कळलं नसतं. मी माहेरी गेले असते, पाटवडी खाल्ली असती, आणि होळीनंतर कधीतरी नवव्या मजल्यावर राहायला गेले असते. सांगितलं तर छप्पर होणार होतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सौंसरला गेले. जामसांवलीला जाणाऱ्या बायकांनी बस भरली होती, त्या मारुतीची गाणी म्हणत होत्या. एकीने मला विचारलं, "दर्शनाले का, माय?" मी नाही म्हटलं.

दादा ओसरीत ऊन खात बसला होता. "वच्छे! खबर न देता?" त्याचा चेहरा इतका उजळला की मला परत फिरावंसं वाटलं. मी बसले आणि चेक त्याच्यापुढे ठेवला.

"हा तं माहाच."

"होय. जुना झाला. नवीन लिहून दे, दादा."

"काऊन?"

"म्या तो घरात नोयता ठेवला. पोळ्यालेच बँकेत टाकला होता. त्याइच्याकडं अडकून राह्यला." मी बँकेचं पत्र पुढे केलं. त्याने ते हातात घेतलं नाही.

"मंग भाऊबीजेले काऊन नाही बोलली?"

"इतक्या सालानं तुह्या घरी पान मांडलं होतं मले. कशी बोलू?"

"साऱ्या गावाले सांगतलं म्या."

"तुले कोणं विचारलं होतं?"

"तुही जीभ अजून तशीच हाय," तो म्हणाला, आणि क्षणभर वाटलं आता हसेल. हसला नाही. "येवढी नड होती तं मागाचे होते. म्या नाही देल्ले असते का?"

"मागाचे नाहीत मले, दादा. तुलेही नाही, राजूलेही नाही. हे माहे हायेत."

कोंबडी ओसरीत आली, त्याने तिला काठीने हाकललं. मग श्रुतीला हाक मारून चेकबुक आणि चष्मा मागवला. पेन कानाजवळ हलवून पाहिलं.

"तिकडचं नाव काय तुह्यं?"

मी सांगितलं. त्याला ते एकेक अक्षर करून सांगावं लागलं, आणि त्याने ते तसंच, हात टेकत टेकत लिहिलं. सही केली. जुना चेक आधी उभा, मग आडवा फाडला आणि तुकडे खिशात टाकले. श्रुतीने जेवायला वाढलं. दादाला भूक नव्हती. पोटभर जेव, एवढं म्हणाला. बससाठी निघाले तेव्हा तो आत पडला होता.

नवीन चेक या वेळी मी तृप्तीच्या हातात दिला आणि शिक्का मारून घेतला. संक्रांतीच्या आधी पैसे जमा झाले. राजूला सांगितलं, गवंडी ठरवलाय, आता कोणाला टेप घेऊन पाठवू नकोस. तो म्हणाला, "ठीक आहे आई, तुझं घर आहे."

तीळगूळ मी एकटीपुरताच केला. बोलावणं आलं नाही. मग छप्पर झाल्यावर मीच फोन लावला, पैसे मिळाले हे तरी सांगायला हवं म्हणून. श्रुतीने उचलला.

"आत्याबाई का? बोला ना."

"दादाला सांग, पैसे जमा झाले."

तिने फोन बाजूला धरून त्याला सांगितलं. लांबून त्याचा आवाज आला, "शोभाबाईले म्हणा, भेटले ना? मंग झालं."

 बहुधा श्रुतीला कोणी हाक मारली, तिने फोन कट्ट्यावर ठेवला आणि बंद करायला विसरली. मला ते घर ऐकू यायला लागलं. नळाखाली बादली भरत होती. मळ्यातून कोणीतरी ओरडत आलं, गाडी आली, पेट्या उचला. दादा खोकला आणि कोणाला तरी म्हणाला, हळू उचल रे. पाटा धुतल्याचा आवाज आला, पोरांनी काहीतरी पाडलं, श्रुती चिडली.

मी फोन कानाला धरून नवीन छपराखाली बसून राहिले. मीही बंद केला नाही.