केझाया आणि माझा भाऊ

केझाया अकरा वर्षं आमच्या गावात शिवणकाम करत होती. ती नदीपलीकडच्या केंटकीतून पळून आलेली गुलाम होती, हे आम्हा दोन-चार घरांनाच ठाऊक होतं. गुलामगिरी नसलेल्या ओहायोच्या या तीरावर कुणी तसलं विचारत नसे. तिची मुलगी टॅम्सन इथंच जन्मली.

माझा धाकटा भाऊ लेम्युएल मात्र पलीकडेच राहायचा. बारा-तेरा वर्षांपूर्वी तिथल्या एका जमीनदाराची मुलगी त्यानं केली होती. माझ्या लेकीच्या बाप्तिस्म्याला तो आला, तेव्हा मीच कौतुकानं केझायाला पुढं बोलावलं. म्हटलं, "हा झगा हिनं शिवलाय. असा हात जिल्ह्यात नाही." त्यानं झगा निरखला, मग बराच वेळ तिच्याकडे पाहिलं.

पुढल्याच वर्षी, अठराशे पन्नास साली, तो कायदा आला. पळालेल्या गुलामाला पकडायला आता उत्तरेतल्या माणसांनीही मदत करायची, नाही केली तर तुरुंग. ऑक्टोबरात एका दुपारी लेम्युएल कायदा बजावणाऱ्या मार्शलच्या माणसाला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. माझा नवरा गिडियन अंगणात पिंपाला कडी बसवत होता.

"दाजी, आमच्या सासऱ्यांची बाई तुमच्या गावात आहे," लेम्युएल म्हणाला. "घर तेवढं दाखवा."

"तुझ्या सासऱ्यांची बाई तुझी सासू. ती इथं आलेली नाही."

मार्शलचा माणूस हसला नाही. "कायद्यानं तुम्हाला यावं लागेल."

"नाही येत. लिहून घ्या."

"तू तिला ओळखलंस कधी?" मी लेम्युएलला विचारलं.

"बाप्तिस्म्याच्या दिवशीच, ताई. तेव्हा काही करता येत नव्हतं."

मी धुण्याची टोपली उचलली आणि मागच्या दारानं निघाले. गिडियननं मला जाताना पाहिलं. त्यानंतर तो मुद्दाम वाद वाढवत राहिला. हा कागद कोणाचा, शिक्का कुठला, पुन्हा वाचा, असं म्हणत त्यानं त्या दोघांना अर्धा तास अंगणात अडकवून ठेवलं.

केझाया टॅम्सनची वेणी घालत होती.

"कोण आलंय?" माझं तोंड बघूनच तिनं विचारलं.

"माझा भाऊ. तुझ्यासाठी."

"मला त्यानं तुमच्याकडंच पाहिलं."

"हो. मीच दाखवलं तुला."

वेणी पुरी करून तिनं फीत बांधली. मग म्हणाली, "पोरगी इथं जन्मलीय. तिलाही नेतील?"

"आई त्यांची, तर मूलही त्यांचं म्हणतात."

गुलामगिरी न मानणाऱ्या क्वेकर पंथातल्या गिरणीवाल्या म्हाताऱ्याची गाडी पीठ घेऊन उत्तरेला निघायची होती. पोत्यांमागं दोघींना लपवायचं ठरलं. मी टॅम्सनला हात दिला. केझायानं माझा हात घेतला नाही, चाकावर पाय देऊन स्वतःच चढली.

गिडियनला दोन महिने तुरुंग झाला. सुटून आला तो खोकला घेऊनच. त्याच्या अटकेच्या दिवशी लेम्युएल होडीकडे जाताना म्हणाला, "ताई, एका बाईपायी तू भाऊ सोडलास."

"आणि तू बाप्तिस्म्याला येऊन माणूस हेरलास," मी म्हटलं.

तो परत आला नाही. दहा वर्षांनी उत्तर-दक्षिण लढाई पेटली, तेव्हा माझा थोरला या बाजूनं गेला आणि त्याचा थोरला त्या बाजूनं. माझा परत आला. त्याचा आला की नाही, मला कुणी कळवलं नाही.

कॅनडातून, जिथं तो कायदा पोचत नव्हता, एकच पत्र आलं, टॅम्सनच्या अक्षरात. पोचलो, आई शिवणकाम करते, मी शाळेत जाते, एवढंच. माझ्या नावानं केझायाचा निरोप नव्हता. मी लगेच उत्तर लिहिलं, क्षमा मागितली. त्याला उत्तर आलं नाही. केझायानं ते द्यायला हवं होतं, असं मला कधी वाटलं नाही.