सोडा मशीनमधला तडकलेला वॉशर

मी एक जुना रबरी वॉशर आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! सोडा मशीनला बाटली जिथे घट्ट बसते, तिथे मी पाच वर्षं दबून बसलो. पाण्यात शिरलेला गॅस मी बाहेर निसटू देत नसे. पाहुणे म्हणायचे, "काय झकास मशीन आहे!" माझं नाव कुणी काढलं असेल तर शपथ.

घरातल्या बाबांना आजारपणानंतर साधं पाणी नकोसं झालं होतं. औषधांनी तोंड कडू. फसफसणारं पाणी मात्र ते आवडीने पीत. पाणी कमी पडलं तर परत दवाखान्यात सलाईन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आणि या घरच्या मुलाला स्वच्छतेचा झटका आला! आठवडाभर रोज मशीनचं तोंड उकळत्या पाण्याने धुतलं. मी तडकलो. गॅस सिस्स करत निसटू लागला, पाणी मिळमिळीत. मुलगा तावातावाने गॅसची सिलिंडर देणाऱ्या दुकानदाराकडे गेला. "अर्धी सिलिंडर गळ्यात मारता का?" बिचाऱ्याने तीनदा बदलून दिली. तिन्ही काठोकाठ भरलेली होती! माझा नुसता संताप झाला.

बाबा पलंगावरून म्हणाले, "अरे, आवाज ऐक. वॉशर गेलाय."

"बाबा, हे मशीन आहे, नळ नाही. तुम्ही पडून राहा."

चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केलेल्या माणसाला हे सांगतो! मला बोलता आलं असतं तर चांगलं फैलावर घेतलं असतं त्याला.

दोन दिवसांत बाबांचे ओठ सुकले. मुलगा दवाखान्याची पिशवी भरू लागला. तेव्हा सुनेने मशीन उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. "बाबा, तुम्हीच बघा."

त्यांनी मला उपसून काढलं, नखाने दाबलं. भेग उघडली. "हा बघ चोर."

चोर! मी? तेही सहन केलं. त्यांच्या हत्यारांच्या डब्यात मापाचा नवा वॉशर निघाला. बाबा दोन पेले गटागटा प्यायले आणि मोठा ढेकर दिला.

"मला आधी सांगायचं ना, बाबा," मुलगा म्हणाला.

"सांगितलं होतं. आता त्या दुकानदाराची माफी मागून ये."

मी आता कचऱ्याच्या डब्यात आहे. त्याचा राग नाही, तडकलेला वॉशर काढायलाच हवा. तुम्हीही तुमच्या मशीनचा वॉशर कोमट पाण्यानेच धुवा आणि वेळेवर बदला. पण मित्रांनो, त्या "पडून राहा"चा राग अजून गेलेला नाही. पलंगावरून कुणी काही सांगत असेल, तर आधी ऐका.