उलट्या फरशा

फरशीकाम करणाऱ्या माणसाला फरशी उलटी लावायला सांगणं म्हणजे न्हाव्याला अर्धीच दाढी करायला सांगण्यासारखं आहे. पण सांगणारी पोटची पोर असली की माणूस काय करणार? मिस्त्रींनी मुकाट्याने लावल्या. गुळगुळीत तोंड खाली, खरखरीत पाठ वर, आणि त्याही ओढ्यात, वाहत्या पाण्याखाली, लोखंडी चौकटीत बसवून. बसवताना पाणसळ लावून फरशी समतल आहे का ते दोनदा बघितलंही. वाहत्या पाण्यात पाणसळ लावणारा जगातला हा बहुधा पहिलाच मिस्त्री.

पोरगी ओढ्याकाठच्या संशोधन संस्थेत होती. दगडांवर जो बुळबुळीत थर बसतो, ज्यावरून घसरून लोक आपटतात, त्या थराचा तिचा अभ्यास. तो थर म्हणजे जिवाणूंची भरलेली वस्ती असते. ती उन्हात कशी वाढते आणि सावलीत कशी, हे तिला बघायचं होतं. म्हणून एक ओळ उन्हात आणि एक झाडाखाली. खरखरीत बाजूवर थर लवकर बसतो, म्हणून फरशा उलट्या.

हे सगळं तिने वडिलांना जेवताना नीट समजावलं होतं आणि मिस्त्रींनी मान डोलावली होती. खरं सांगायचं तर पहिल्या वाक्यानंतरचं सगळं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं. पण ‘म्हणजे काय?’ असं विचारणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. गिऱ्हाइकासमोर मिस्त्रीने ‘कळलं नाही’ म्हटलं की काम हातचं गेलं, हे ते तरुणपणीच शिकले होते आणि घरातही तोच खाक्या चालू होता. पोरगी पाण्यात फरशी टिकते का ते तपासतेय, असं त्यांनी आपलं आपण ठरवून टाकलं. त्यांच्या गुडघ्यांनी काम बंद करायला लावल्यापासून घरात बसून जीव विटला होता, त्यात पोरीने आपल्याला कामाला बोलावलं याचाच आनंद एवढा होता की बाकीच्या चौकशा करायच्या कशाला?

“बाबा, उद्या आमच्या मार्गदर्शक बाई फरशा बघायला येणार आहेत,” पोरगी एका संध्याकाळी म्हणाली. “त्यांनी नमुने चांगले आहेत म्हटलं की मी प्रबंध लिहायला बसायला मोकळी. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.”

झालं. मिस्त्रींना एवढंच ऐकू आलं की कोणीतरी फरशा बघायला येणार आहे. काम सोपवायच्या दिवशी फरशी घासून चकचकीत केल्याशिवाय त्यांनी आजवर एकाही मालकाला आत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

सकाळी ब्रश, फडकं आणि दोन बादल्या घेऊन ते ओढ्यावर हजर. पाण्यात वाकून पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उन्हातल्या ओळीवर हिरवा चिकटा, सावलीतल्या ओळीवर तपकिरी. ही कळा घेऊन पोरीने मोठ्या बाईंसमोर उभं राहायचं? गुडघ्यांच्या तक्रारीकडे काणाडोळा करून ते पाण्यात उतरले. एकेक फरशी उचलायची, बादलीवर धरायची, चोळून काढायची, परत चौकटीत. चिकट्यावर चरणाऱ्या गोगलगाई त्यांनी हलक्या हाताने शेजारच्या दगडावर नेऊन ठेवल्या; ते काही कसाई नव्हते. काम संपलं तेव्हा फरशा पाण्याखाली नव्याकोऱ्या दिसत होत्या. मिस्त्री काठावर बसून शीळ घालत राहिले.

पोरगी आणि बाई येताना दिसल्या तसे ते उठून उभे राहिले. पोरीने पाण्यात पाहिलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाबा, हे काय केलंत?”

“घासल्या. उलट्या का असेना, स्वच्छ तर असाव्यात.”

ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती खाली बसली. काय चुकलं ते मिस्त्रींना कळत नव्हतं, पण पुष्कळ चुकलं होतं एवढं त्या वाकलेल्या मानेवरून कळत होतं. शाळेत नापास झाली होती तेव्हा ती अशीच बसली होती, आणि तेव्हा निदान दोष त्यांचा नव्हता.

बाई मात्र काठावरच्या बादल्यांकडे बघत होत्या. “काका, हे काय आहे?”

“फरशांवरचा मळ.”

“ओढ्यात नाही सोडलात?”

“मालकाच्या मोरीत मळ ओतायचा नसतो बाई, मोरी तुंबते. हाताखालच्या पोरांना मी याच्यासाठी फार बोललोय.”

“आणि दोन बादल्या कशाला?”

“एक हिरवा होता, एक तपकिरी. दोन रंगांचा माल कधी एकत्र करायचा नाही.” ते सवयीने बोलून गेले.

बाईंनी बादलीत बोट बुडवलं, वास घेतला आणि हसू दाबलं. “अगं, ऊठ. आपणही थर ब्रशनेच काढतो की. काकांनी ओळी वेगळ्या ठेवल्यात.”

“पण प्रत्येक फरशी वेगळ्या बाटलीत हवी होती ना, बाई. आता सगळ्यांची मिसळ झाली.”

“झाली. यावर प्रबंध होणार नाही, हे खरंच. तुला पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल.” मग त्या पाण्याकडे वळल्या. “पण जुनी वस्ती कशी होती ते बादल्यांतून कळेल, आणि फरशा आता कोऱ्या आहेत. रिकाम्या जागेवर पहिलं कोण येतं, ते तुला सुरुवातीपासून बघता येईल. बादल्या तेवढ्या थंड जागी ने.”

बाई संस्थेकडे परत गेल्या. बाप आणि लेक राहिले.

“मी सांगितलं होतं, बाबा.”

“सांगितलं होतंस.” मिस्त्री म्हणाले. “मला कळलं नव्हतं.”

“मग विचारलं का नाहीत?”

मिस्त्री गुडघे धरत तिच्याशेजारी दगडावर बसले. “आता विचारतो. म्हणजे काय ते?”

पोरीने त्यांच्याकडे पाहिलं. वडिलांच्या तोंडून हा प्रश्न तिने जन्मात ऐकला नव्हता. रागावून राहावंसं तिला फार वाटत होतं, पण ते काही जमेना. ती सांगायला लागली. पाण्यातून जिवाणू वाहत येतात. बरेचसे फरशीला लागून निघून जातात. एखादा अडकतो आणि स्वतःभोवती डिंकासारखं काहीतरी सोडतो. त्या डिंकात दुसरे येऊन राहतात, मग शेवाळ, मग ते खाणाऱ्या अळ्या आणि गोगलगाई, आणि त्यांना खायला मासे. पाण्यातली घाणही हीच मंडळी खाऊन टाकतात, म्हणून ओढा स्वच्छ राहतो.

“म्हणजे मी घासून टाकले ते सफाईवाले.”

“हो बाबा.” आता मात्र तिला हसू आवरलं नाही.

मिस्त्रींनी पाण्यातल्या फरशांकडे बोट केलं. “आमच्यातही आधी फरशी सिमेंटला धरली पाहिजे. ती धरली की मग तिच्यावर काहीही उभं राहतं.”

“अगदी तसंच.”

त्या दिवसापासून मिस्त्रींना रोज ओढ्यावर जायचं काम लागलं. कपडे धुणारे, पाय धुणारे, सगळ्यांना ते लांबूनच बजावत, “तिकडे पाय नको, काम ओलं आहे.” बायकोने टोमणा मारला, “ओढ्यातला मळ राखता, तर न्हाणीघरातला तरी घासा.” पोरीने चौकटीबाहेर एक जादा फरशी ठेवली होती, मोजणीत नसलेली, खास वडिलांना हात लावायला. ते रोज तिच्यावर बोट फिरवत. रोज खरखरीतच लागायची, आणि ते हिरमुसून परत यायचे.

एका सकाळी बोट किंचित घसरलं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पुन्हा फिरवून पाहिलं, मग हात पँटला पुसून फोन लावला.

“काय झालं, बाबा?” पोरीने घाबरून विचारलं.

“काही नाही,” मिस्त्री म्हणाले. “धरली गं.”