ज्याच्यावरून बाके कापली

मिस्त्रींच्या थोरल्या मुलीला पहिला दात आला, त्या वर्षी मी जन्मलो. मित्रांनो, मी बाकाच्या पायाचा फर्मा. म्हणजे लाकडावर ठेवून पायाचा आकार आखायची एक पातळ फळी, वर भोक पाडून खिळ्याला टांगलेली. माझ्या कडा काळवंडल्या आहेत, पण माप अजून तेच आहे. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

मला कायम करण्याआधी मिस्त्रींनी नमुन्याच्या बाकावर स्वतः बसून पाहिले, मग आपल्या बायकोला, म्हणजे काकूंना, बसवले. "आता टेकल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या, तेव्हा कुठे माझे काम सुरू झाले.

माझ्यावरून कापलेली बाके शाळांत गेली, दवाखान्यांत गेली. काही घरीच राहिली, कारण रविवारी भुसा झाडला की आमचा कारखानाच प्रार्थनेची जागा होई. शेजारपाजारचे जमत. मिस्त्री उभे राहून सांगत: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला, पापापासून मागे वळा, त्याच्यावर विसंबा. वर्षानुवर्षे एवढेच.

"मिस्त्री, रंधा तोच आणि सांगणंही तेच," लोक चेष्टा करीत.

"लाकूड नवीन येतंय ना?" मिस्त्री म्हणत.

मुलगी मोठी झाली, जावई आले. हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. घाईत ते मला खिळ्यावरून काढत नसत. नुकत्याच कापलेल्या पायावरून पुढचा पाय आखत, त्यावरून त्याच्या पुढचा. दर वेळी पेन्सिलच्या रेघेएवढी वाढ. शेवटचे बाक डुलू लागले.

"जावईबापू, बाक केलंत की पाळणा?" काकूंनी विचारले. जावई हसले आणि पायाखाली कागदाची घडी सारली.

मिस्त्री थकले तसे रविवारचे बोलणेही जावयांकडे आले. त्यांनी आधी पापाचा विषय वगळला, मग वधस्तंभावरच्या मरणाचा. उरले ते एवढे: विश्वास ठेवा, धंदा वाढेल, दुखणे पळेल. गर्दी इतकी वाढली की लोक भिंतीला टेकून उभे राहू लागले.

त्याच वर्षी काकूंच्या पोटात गाठ निघाली. आतल्या दारापाशी खाटेवर पडून त्या सारे ऐकत. एका रविवारी लोक पांगल्यावर त्यांनी मिस्त्रींना हाक मारली.

"अहो, माझाच विश्वास कमी पडला का हो?"

मिस्त्री बाके आवरत होते. हातातले बाक त्यांनी होते तिथेच खाली ठेवले.

पुढच्या रविवारी जावई बोलायला उठायच्या आत मिस्त्री उठले. त्यांनी मला खिळ्यावरून काढून डुलणाऱ्या बाकाच्या पायाला लावले. जास्तीचे लाकूड बाहेर डोकावत होते, सगळ्यांना दिसले.

"कुणी मुद्दाम केलं नाही," ते म्हणाले. "थोडं थोडं सरकत गेलं. सांगण्याचंही तसंच झालंय. तिकडे माझी बायको आजारी पडून वर स्वतःला दोष देतेय. बरं कर म्हणून देवाकडे मागू, जरूर मागू. पण दुखणं येणारच नाही असं त्यानं कधी कबूल केलं नव्हतं. तो आपल्यासाठी मेला, उठला, आणि मरणातही हात सोडत नाही. हे आपल्याला मिळालंय. यात भर घालायची नाही आणि यातलं काही काढायचं नाही."

"बाबा, लोक उठून जातील," जावई हळूच म्हणाले.

"जाऊ देत. तिला निवांत पडता आलं पाहिजे."

बरेच लोक गेले. पुढे कितीतरी रविवार बाके रिकामी दिसत. काकू मात्र त्या दुपारी गाढ झोपल्या.

बरेच दिवस गेले. मग एके सकाळी जावयांनी ते डुलणारे बाक उलटे केले, मला पायावर धरून नीट आखले आणि वाढलेले लाकूड कापून काढले. बाक उचलून ते काकूंच्या खाटेशी घेऊन गेले.

"आई, चुकलं माझं."

"डुलत नाही ना आता?"

"नाही."

"मग बसा की त्यावर, ताटकळता कशाला? आणि मला ह्यांचं ते पहिलं सांगणं ऐकवा. आहे तसं."

जावयांनी सांगितले, आहे तसे. मी त्यांच्या मांडीवर होतो. त्या बाकाचे पाय माझ्या मापाचे होते, याचा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

मित्रांनो, फर्मा जुना झाला म्हणून फेकू नका आणि आपल्या सोयीने तासूही नका. मी लाकडाचा, मला एक दिवस वाळवी लागेल. मिस्त्री सांगत त्या शुभवर्तमानाला ती भीती नाही. फक्त ते ऐकताना आणि सांगताना दर वेळी मुळाशी जा.

काकू त्याच वर्षी थंडीच्या सुरुवातीला वारल्या. मिस्त्री त्यांच्यामागे दोन वर्षांनी गेले. दोन्ही दफनांच्या वेळी ते चार शब्द जावयांनीच सांगितले, आहे तसे.