चौघांचा झोका

आमच्या जिन्यावर दुसऱ्या मजल्याचं दार सकाळी साडेसातलाच उघडायचं. तिथे झुलेखामावशी बाळं सांभाळायची. चारच घ्यायची, पाचवं कुणी कितीही गळ घातली तरी नाही. माझी रीम त्या चौघांतली एक. आम्ही नोकरी करणाऱ्या बाया मुलांना तिच्याकडे सोडून निर्धास्त असायचो.

तिचे यजमान मिलूदकाका आमच्याच शहराच्या, ओरानच्या बंदरात एकतीस वर्षं होते. क्रेनचे दोर, आकडे, साखळ्या तपासायचे आणि ‘चालेल’ किंवा ‘काढा’ एवढंच सांगायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यापासून ते खिडकीपाशी रेडिओ लावून बसायचे आणि पोरांच्या गलक्यावर कुरकुरायचे. मावशी म्हणायची, “बंदरात भोंगे वाजायचे तेव्हा बरे तुझे कान दुखले नाहीत!”

झोका आणला वसीलाने. ती शाळेत गणित शिकवायची. तिची मुलगी इनास मावशीकडे यायला लागली तेव्हा वसीलाच्या भावाने फ्रान्समधल्या मार्सेयहून तो पाठवला होता. दोन बारीक दांड्यांवर लटकलेली कापडी बैठक, खाली छोटी मोटर, बटण दाबलं की आपोआप हलणारा. इनास त्यात बसली की गप्प व्हायची. मग एकदा रीम रडली, तिलाही बसवलं. मग उरलेल्या दोघांना. होता होता तो झोका सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबेनासाच झाला. एक उतरला की दुसरा. फक्त डोळा लागला की मावशी प्रत्येकाला उचलून खाली गादीवर ठेवायची, तेवढाच त्याला विसावा.

सात महिन्यांनी, मार्चमध्ये, माझी सुट्टी होती म्हणून मी रीमला न्यायला दुपारीच गेले. मावशी चहात पुदिना घालत होती. इनास झोक्यात होती. एकदम टक् असा आवाज झाला आणि बैठकीची उजवी बाजू खाली आली. इनास पट्ट्याला लोंबकळली, डोकं गालिच्यापासून वीतभर वर. मावशीने कपबशी टाकली आणि तिला झेललं. पोर घाबरून किंचाळली, मग दोन मिनिटांत मावशीच्या कानातलं डूल ओढायला लागली. खरचटलंही नव्हतं.

मावशी तिला घेऊन उभीच होती. मी म्हटलं, “काही झालं नाही ना, मावशी. बसा जरा.”

“झालं नाही, पण झालं असतं,” ती म्हणाली. “वसीलाला आज सांगायला हवं.”

“सांगायलाच हवं का?” माझ्या तोंडून निघून गेलं. मला आजही त्याची लाज वाटते.

“तुझी रीम असती तर?”

साडेचारला वसीला आली. मावशीने दारातच सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. वसीलाने मुलीला उलटसुलट करून तपासलं, मान, डोकं, हातपाय. मग म्हणाली, “तो झोका चांगल्या कंपनीचा आहे. फ्रान्सहून आणलाय. असा कसा तुटेल?”

“खूप वापरला गेला, मुली.”

“एका इनासने इतका?”

मावशी म्हणाली, “चौघंही बसायची.”

“मी तो इनाससाठी दिला होता, मावशी.”

“रडणाऱ्या लेकराला कसं सांगू, हा तुझा नाही म्हणून?”

वसीलाने पिशवी उचलली, इनासला कडेवर घेतलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

काकांनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रेडिओ लावलाच नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून झोका खोलला. मी सूप द्यायला गेले तेव्हा त्यांच्या तळहातावर बैठक दांडीला अडकवणारी एक खीळ होती, माझ्या करंगळीपेक्षा बारीक. मधोमध झिजून निम्मी झालेली, आणि तिथेच तुटलेली.

“एका बाळासाठी केलाय हा. दिवसातून तास-दोन तास,” ते म्हणाले. “इथे आठ तास चालला. लोखंड थकतं.” मावशी सूप वाढत होती तेव्हा म्हणाले, “झुलेखा, तो कुरकुरत होता.”

“कोण?”

“झोका. तीन आठवडे. मला बातम्या नीट ऐकू येईनात, म्हणून मी तेल घातलं. दोनदा.” त्यांनी खीळ टेबलावर ठेवली. “बंदरात आम्ही पोरांना पहिल्या दिवशी काय शिकवायचो? लोखंड आवाज करायला लागलं की थांबवा आणि खोला. तेल नंतर. मी त्याचं तोंडच बंद केलं.”

मावशी चमचा हातात धरून उभी राहिली. मला वाटलं आता ती भडकेल. ती म्हणाली, “उद्या वसीलाकडे जा. हे तू सांग.”

“मीच?”

“मग काय, तेल मी घातलं होतं?”

गुरुवारी काका धुतलेला शर्ट घालून वसीलाच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले, रुमालात खीळ बांधून. काय बोलणं झालं ते वसीलाने मला पुढे सांगितलं. काकांनी आधी खीळ दाखवली, मग तेलाचं सांगितलं, आणि म्हणाले, “दोष बायकोचा नाही. कान माझे होते.” ती म्हणाली, तिला राग धरून ठेवायचा होता, पण साठी उलटलेला माणूस फाटकात असा उभा राहिलेला तिने कधी पाहिला नव्हता.

तिने नऊ दिवसांनी इनासला परत आणलं, एका अटीवर: पोरीला कुठल्याही झोक्यात बसवायचं नाही. मावशीने मान्य केलं. तोवर काकांनी जुन्या ओळखीच्या वेल्डरकडून नव्या झोक्यासाठी जाड नळीची चौकट करून घेतली होती. बैठक शिडाच्या कापडाची, मोटर नाही, खिळी अंगठ्याएवढ्या. त्यात पंचवीस किलो रव्याचं पोतं ठेवून त्यांनी आख्खा शनिवार झोका दिला. जिन्यावरची माणसं दारात येऊन हसायची, “काका, पोत्याला झोप लागली का?” काका झोके मोजत राहायचे.

महिनाभर इनास मावशीच्या कडेवर होती. मावशीची कंबर धरली. एका दुपारी वसीला लवकर आली, तर मावशी एका हाताने पोर धरून दुसऱ्याने भांडी घासत होती. वसीलाने दोन्ही हातांनी नव्या झोक्याची चौकट गदागदा हलवली, अंग टाकून लोंबकळून पाहिलं, खाली वाकून खिळी पाहिल्या. मग इनासला स्वतः आत बसवलं आणि तिथेच जमिनीवर बसून हळूच ढकललं. मावशीने तिच्यापुढे चहा ठेवला.

काका दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्या खिळी बदलतात, चांगल्या असल्या तरी. गोष्ट मोहल्ल्यात पसरली तशी घरी मुलं सांभाळणाऱ्या इतर बाया त्यांना बोलावू लागल्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी पाच झोके पाहिले आणि तीन ‘काढा’ म्हणून सांगितले. एकीने त्यांना दारातच सुनावलं, “कालच तर हलत होता चांगला!” काकांनी वाद घातला नाही. झोका खाली कचऱ्यापाशी नेला, खिशातून चाकू काढला आणि पट्टे कापून टाकले, दुसऱ्या कुणी तो उचलून घरी नेऊ नये म्हणून.