वरच्या दोन

दीपालीची किक पॅडवर बसली, फट्‌कन आवाज झाला. पाय जमिनीला टेकतोय न टेकतोय तोच तिनं वाकून पॅडला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"परत नमस्कार!" श्रीशैल सरांनी शिट्टी फुंकली. "मॅडम, परीक्षा आहे ही. चाळीस किक, न थांबता. आता शेवटची संधी."

त्यात तिचा काय दोष? हातांना पॅड बांधून समोर उभ्या होत्या तिच्या सासूबाई, म्हाळसाबाई. रोजची जोडीदार दीपमाला लग्नाला गेलेली, सरांना किक मोजायच्या होत्या. मग सोबतीला म्हणून कोपऱ्यात बसलेल्या म्हाळसाबाईच पदर खोचून उठल्या. त्यांचा जन्म मेंढ्यांमागं गेलेला. धडक अंगावर कशी घ्यायची हे त्यांना शिकवायला नको होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला की हात आपोआप कपाळाकडं जातो, आणि दीपालीचा दोनदा गेला होता.

पास झाली तर मुरुम गावातल्या बायकांची थाय बॉक्सिंगची सकाळची बॅच तिच्या हाती येणार होती. दोन वर्षं सगळा स्वयंपाक उरकून, नडगीवरचे काळेनिळे डाग साडीखाली झाकून ती इथवर आली होती. आता चांगल्या वळणापायीच सगळं हातचं जायची वेळ आली. तिला रडू फुटायला लागलं.

"हिकडं ये," म्हाळसाबाई म्हणाल्या. "चाळीस मारायच्यात न्हवं? मग चाळिसांचं एकदाच पाया पड. आदीच. मंग थांबायचं न्हाय."

दीपाली वाकली. सासूबाईंनी पॅडसकट दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवले.

मग मात्र ती सुटली. दहा, वीस, तीस. म्हाळसाबाई मागं सरकत सरकत भिंतीला टेकल्या, पण पॅड काही खाली आले नाहीत. चाळिसाव्या किकला लांब शिट्टी वाजली. त्यानंतरही दोनदा फट्‌ फट्‌ झालं.

"पास! बॅच तुमची!" सर ओरडले आणि ही बातमी फोनवर कुणाला तरी सांगत दाराकडं गेले. दीपालीनं सासूबाईंना घट्ट मिठी मारली.

"चाळीस सरांच्या," म्हाळसाबाई धापा टाकत हळूच म्हणाल्या. "वरच्या दोन कशाच्या गं?"

दीपालीचे कान तापले.

"शिट्टी ऐकू आली न्हाय, आत्या."

"मला बरी आली."

म्हाळसाबाईंनी सुटत आलेला पट्टा दातानं ओढून घट्ट केला आणि पाठ भिंतीला नीट टेकवली.

"नऊ वर्सं झाली तुला आमच्या घरात येऊन. दोनात कसं भागंल?" त्यांचे डोळे हसत होते. "आजून आसतील तर हितंच मार. घरी न्यायच्या न्हाईत."

दीपालीनं ओठांतल्या ओठांत हसू दाबलं आणि उजवा पाय मागं घेतला.